बंदराचं पाणी कुणी सोडलं?

बंदराचं नाव मी सांगणार नाही. श्रीवर्धनच्या अलीकडचं, खाडीच्या तोंडाशी असलेलं एक बंदर, एवढं पुरे. तिथले लोक अजून आमची आठवण काढून हसतात आणि त्यात भर घालायची माझी इच्छा नाही.

माझा भोरला फोटो स्टुडिओ आहे, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. परीक्षेचे फॉर्म, पासपोर्ट, बँकेची खाती, रेशनकार्ड, असल्या कामांचे फोटो मी काढते. ‘हनुवटी खाली, खांदे सरळ, हसू नका’ हे माझं रोजचं भाषण. भोर तालुक्यातल्या निम्म्या तोंडांना मी हसू नका म्हणून दम दिलेला आहे. आणि एवढं करून माझे फोटो भिंतीवर लागतात कधी, तर माणूस गेल्यावर. घरचं कुणीतरी रडवेलं होऊन येतं, ‘ताई, आबांचा तो फॉर्मवाला फोटो असेल ना कॉम्प्युटरमध्ये? मोठा करून द्या.’ मग माझ्याच दमाने गंभीर झालेले आबा चंदनाचा हार घालून कायमचे भिंतीवर जातात.

एकदा भोरजवळच्या उत्रोली गावात एका घरी सत्यनारायणाला गेले होते. समोरच्या भिंतीवर ओळीने चार फोटो. चारही मी काढलेले आणि चारही जण गेलेले. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की माझा एक तरी फोटो जिवंत माणसांच्या घरात, जिवंत गोष्टीचा, बघून बरं वाटावं असा भिंतीवर लागलाच पाहिजे, आणि तो मी मरायच्या आत. माझे यजमान उपेंद्र म्हणाले, ‘मग आपल्या बेडरूममध्ये लाव की एखादा.’ उपेंद्र बँकेत आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीवर घरातल्या घरात तोडगा सापडतो.

अशात दिवाळी झाल्यावर प्रद्युम्नचा फोन आला. प्रद्युम्न माझा भाचा, भावाचा मुलगा. पुण्यात एका कंपनीत आहे. ही कंपनी मासेमारीच्या ट्रॉलरांना लागणारी जाळी, दोर, तरंगते गोळे, जाळं ओढायचे विंच असलं सामान विकते. पुण्यात बसून समुद्राचं सामान विकतात, म्हणून मी त्याला नेहमी चिडवते. तर कंपनीचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर निघायचं होतं आणि त्यांच्या फोटोग्राफरने ऐनवेळी हात वर केले होते.

‘आत्या, तू काढशील का? पानापानावर सामानाचे छोटे फोटो आणि वर एक मोठा, वर्षभर राहणारा. त्यात आमचं नवं केशरी जाळं लावलेला ट्रॉलर पाहिजे. तुझं नाव छापू खाली.’

वर्षभर. भिंतीवर. नावासकट. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून स्टुडिओतल्या स्टुलावरच एक गिरकी घेतली. समोर एक मुलगा कॉलरचं बटण लावून, श्वास रोखून बसला होता. त्याला म्हटलं, ‘हस रे बाबा आज.’ तो घाबरून आणखी गंभीर झाला.

गाडीसाठी मी मानसिंगरावांना सांगितलं. मानसिंगराव उत्रोलीचे. आख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणाच्या दरवाजांवर केली. निवृत्त झाल्यावर एक व्हॅन घेतली, पण जीव अजून पाण्यातच आहे. पावसाळ्यात नदीला पाणी वाढलं की लोक बातम्या बघत नाहीत, मानसिंगरावांना विचारतात. त्यांच्या पत्नी बाळाबाई, माहेर वेल्ह्याचं, ‘म्या बी येनार’ म्हणून आधीच व्हॅनमध्ये बसल्या होत्या. भाताची झोडणी आदल्याच दिवशी उरकली होती आणि केसांत अजून पेंढ्याची कुसळं होती. मांडीवर भाकरीचं गाठोडं, आणि एका पिशवीत नारळ, हळदकुंकू, झेंडूच्या माळा.

‘माळा कशाला?’ मी विचारलं.

‘फोटू काढायचा म्हंजी? ट्रॅक्टर आनला तरी आमी आदी हळदकुकू लावतो. एवडी मोटी होडी, तिला काय बोडक्या कपाळानं उभी करता?’

आधी आम्ही कापूरहोळला गेलो. तिथल्या एका ढाब्यावर प्रद्युम्न पुण्याहून टेम्पोत नवं जाळं घेऊन आला होता. ते जाळं त्या बंदरातल्या कुमार तांडेलाने विकत घेतलं होतं. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. बोट त्याच दिवशी समुद्रात जायची होती, जाळं घेऊनच. म्हणजे नवंकोरं जाळं फोटोत यायचं तर आजच. उद्या त्याला चिखल, मासे, शेवाळ सगळं लागणार.

‘आत्या, काही झालं तरी आज,’ प्रद्युम्न म्हणाला. ‘साहेब म्हणालेत, फोटो नाही आला तर गेल्या वर्षीचाच पुन्हा छापू.’

गेल्या वर्षीचा फोटो सूर्यास्ताचा होता. मी त्याला सांगितलं, साहेबांना म्हणावं काळजी करू नका.

जाळं व्हॅनच्या टपावर बांधलं आणि प्रद्युम्न टेम्पोतून पुण्याला परत गेला. भोरच्या बाजारातून आम्ही परत गेलो तेव्हा डोक्यावर तो केशरी डोंगर बघून लोक हात दाखवून थांबवत होते. एकाने विचारलं मांडव कुणाचा, दुसऱ्याने विचारलं कुठल्या पक्षाची सभा. मानसिंगराव प्रत्येकाला खिडकीतून गंभीरपणे सांगायचे, ‘मासं धराया निगालोय.’ वरंधा घाटात माकडं टपावर चढली, जाळ्यात पाय अडकल्यावर एकेक शिवी हासडून उतरली. त्या शिव्याच होत्या, मला माकडांचं तेवढं कळतं. घाटाखाली महाडला चहा झाला. मग पुढे एका वळणावर झाडं संपली आणि ते बंदर खाली दिसलं.

काय सांगू! मी एवढे रंग एका जागी कधी पाहिले नव्हते. निळ्या, हिरव्या, लाल बोटी धक्क्याला खेटून उभ्या, प्रत्येकीवर झेंड्यांची दाटी, दोरांची भेंडोळी, पिवळे गोळे, बर्फ फोडणारी माणसं, वर घारी आणि बगळे, आणि सगळ्यावर माशांचा असा वास की बाळाबाईंनी पदर नाकाला लावला आणि लगेच काढून टाकला. ‘पदरातनं बी येतोय, मग उगा कशाला?’ धक्क्याच्या काठोकाठ पाणी होतं. बोटी अशा उंच तरंगत होत्या की चढायला पाऊल नुसतं पुढे टाकायचं.

मानसिंगराव धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. कमरेवर हात, नजर पाण्यावर. मग त्यांनी निकाल दिला.

‘फुल्ल हाय. काटोकाट. आता उन्हाळ्यापत्तुर काळजी न्हाई.’

मी मान डोलावली. इथेच मला थांबायला हवं होतं. पण मी ते वाक्य ऐकलं, मला ते पटलं, आणि मी कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

कुमार तांडेल हसऱ्या तोंडाचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याची बायको रत्ना बोटीची खरी मालकीण. दोर किती, डिझेल किती, कुणी काय कुठे ठेवलं, हे सगळं तीच ओरडून सांगत होती. बोटीचं नावही ‘भाग्यरत्ना’. खलाशांनी आमचं जाळं उतरवून घेतलं आणि मी कामाला लागले. विंच काढला. दोर काढले. जाळ्याचं तोंड पाण्यात उघडं ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीच्या जाड फळ्या असतात, त्या काढल्या. तरंगत्या गोळ्यांची माळ काढताना मी पोटावर आडवी झाले. साडीला ग्रीस लागलं, कोपराला खवले चिकटले, आणि मला इतका आनंद झाला होता की मी विंचला ‘हनुवटी खाली’ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा समोरचं गिऱ्हाईक डोळे मिटत नव्हतं आणि ‘किती वेळात मिळेल’ विचारत नव्हतं.

राहिला मोठा फोटो. खलाशांनी नवं जाळं बोटीवरच्या उंच खांबावर चढवलं. केशरी पडदा वर गेला, पण त्याचा निम्मा भाग पाण्यात लोंबत होता. ऊन डोक्यावर. सगळ्यांच्या नाकाखाली सावल्या.

‘ताई, काढून घ्या आत्ताच,’ कुमार म्हणाला. ‘नंतर जमायचं नाही.’

पण मला फोटोग्राफी शिकवू पाहणारे लोक मी रोज बघते. नवरदेवांचीही अशीच घाई असते. मी म्हटलं, ‘या उन्हात माझी आईसुद्धा वाईट दिसेल. ऊन उतरलं की काढू. बोट कुठे पळून जाते?’

बाळाबाईंचंही काम अडलं होतं. हळदकुंकू लावायचं तर बोटीच्या कपाळालाच, म्हणजे पुढच्या टोकाला. ते टोक धक्क्याच्या कितीतरी वर. बाळाबाईंनी टाचा उंचावून पाहिल्या, मानसिंगरावांनी उचलू का विचारून पाहिलं, त्यावर जे उत्तर मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी रत्ना म्हणाली, ‘आधी जेवायला घरी चला.’

रत्नाच्या घरी कोळंबीचं कालवण होतं. भाकरी आमची, कालवण त्यांचं. मानसिंगरावांनी भात तिसऱ्यांदा मागितला आणि शितं हातावर घेऊन रत्नाला आमच्या उत्रोलीच्या इंद्रायणी तांदळाची थोरवी सांगितली. जेवण, गप्पा, ओसरीत जरा पाठ टेकणं. ऊन मऊ झालं. मी कॅमेरा गळ्यात घातला आणि आम्ही धक्क्यावर परत आलो.

पाणी नव्हतं.

म्हणजे अजिबात नव्हतं. धक्क्याच्या खाली काळा, चमकता चिखल, त्यात खेकडे पळताहेत, आणि सगळ्या बोटी खाली खोल जाऊन एका अंगावर कलंडून बसलेल्या. धक्क्याची काळी ओली भिंत एखाद्या विहिरीसारखी उघडी पडली होती. ‘भाग्यरत्ना’चं टोक, मघाशी आमच्या डोक्यावर होतं, ते आता आमच्या कमरेशी आलेलं.

मी तोंड उघडायच्या आत मानसिंगराव पुढे धावले.

‘कुनी सोडलं?’ त्यांचा आवाज बंदरभर गेला. ‘कुनी सोडलं पानी?’

बर्फ फोडणारे थांबले. जाळी शिवणाऱ्या बायांनी वर पाहिलं.

‘भोंगा न्हाई, दवंडी न्हाई, काय न्हाई! आमी दरवाजा येक इत उचलायचा तरी आदी भोंगा वाजवायचो. आन हितं जेवून येईस्तोवर आख्खं धरान रिकामं केलं? कोन हाय हितला सायेब? कुठं हाय हापिस?’

कुमार खाली चिखलात उभा होता. तो म्हणाला, ‘काका, कसलं धरण?’

‘आरं, खाली गावं हायती का न्हाई? त्यांचं काय झालं असंल?’

‘खाली गाव नाही काका. खाली समुद्र.’

‘मग तितं सांगितलं का कुनी?’

आणि खरं सांगते, क्षणभर माझ्याही डोळ्यांपुढे खालची गावं वाहून जाताना दिसली. मी, जिने शाळेत भरती-ओहोटीची आकृती रंगीत पेन्सिलींनी काढली होती, ती मी त्या धक्क्यावर उभी राहून दरवाजा शोधत होते. आमच्याकडे पाणी उतरतं ते उन्हाळ्यात, हळूहळू, वर्तमानपत्रात टक्केवारी येत येत. दुपारच्या जेवणात उतरणारं पाणी आमच्या रक्तातच नाही. मग डोक्यात लख्ख उजेड पडला.

‘कुमारभाऊ, पाणी परत कधी येणार?’

‘अंधार पडल्यावर. आलं की आम्ही निघालो.’

अंधार पडल्यावर. म्हणजे पाण्यावरची बोट, नवं जाळं आणि उजेड, या तीन गोष्टी आता पुन्हा एकत्र यायच्या नव्हत्या. मघाशी त्या माझ्यासमोर तयार उभ्या होत्या आणि मी त्यांना नंतर या म्हणून सांगितलं होतं. माझा असा संताप झाला, माझ्यावरच, की मी धक्क्यावरच्या एका रिकाम्या डब्याला लाथ मारली. डबा रिकामा नव्हता. पाय धरून मी खाली बसले. गेल्या वर्षीचा सूर्यास्त पुन्हा सगळ्यांच्या भिंतींवर लागणार आणि मी आपली पुन्हा हनुवटी खाली, हसू नका. डोळ्यांत पाणीच आलं.

तिकडे मानसिंगराव लोखंडी शिडीने चिखलात उतरले होते. पँट गुडघ्यापर्यंत, पाय पोटरीपर्यंत रुतलेले, आणि त्यांच्याभोवती सगळं बंदर गोळा झालेलं.

‘मग ह्ये रोज कोन सोडतं?’ ते विचारत होते.

‘चंद्र,’ कुमार म्हणाला.

मानसिंगरावांनी वर पाहिलं. नुसतं आभाळ होतं.

‘रोज?’

‘रोज. दोनदा सोडतो, दोनदा भरतो.’

‘सुट्टी?’

‘नाही.’

मानसिंगराव चिखलातला एक पाय उपसून जरा सरळ उभे राहिले. मग अगदी मनापासून, एका नोकरीवाल्याने दुसऱ्या नोकरीवाल्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, ‘आन पेन्शन बी नसंल त्येला.’

त्यावर असं हसू फुटलं, की तसं मी आजवर ऐकलेलं नाही. खलाशी एकमेकांच्या अंगावर पडले. एक जण चिखलातच बसला. रत्ना धक्क्याच्या कठड्याला धरून हसत होती, हसता हसता ओरडत होती, आणि ओरडताना पुन्हा हसत होती. आधी जरा फुरंगटलेले मानसिंगराव स्वतःच खो खो करायला लागले, दोन्ही हात आभाळाकडे करून. आणि त्याच वेळी माझ्या शेजारून बाळाबाईंची किंकाळी आली.

‘वाकली! आवं ताई, वाकली बगा! कुकू लावून घ्याया खाली आली गं माजी बाय!’

हळदकुंकवाची वाटी घेऊन त्या धक्क्याच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि ‘भाग्यरत्ना’चं कपाळ खरोखरच त्यांच्या हाताशी आलं होतं. त्यांनी लाकडावर हळदीचं बोट ओढलं, कुंकू लावलं, माळ चढवली, आणि रत्नाने मागून त्यांच्या कमरेला घट्ट धरून ठेवलं, पडू नयेत म्हणून. दोघी हसत होत्या.

मी उठले. पाय दुखायचा विसरला. तिरपं पिवळं ऊन त्या काळ्या भिंतीवर पडलं होतं आणि भिंतीसमोर ते जाळं, आमचं केशरी जाळं, आता वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत आख्खं दिसत होतं. पाण्यात बुडालेला निम्मा भाग मोकळा झाला होता. गोळ्यांची माळ चमकत होती. फळ्या दिसत होत्या. बोटीचं पोट दिसत होतं, जे एरवी कुणाला दिसत नाही. आणि त्या सगळ्याच्या खाली चिखलात नाचणारी माणसं, वर कुंकू लावणारी बाई. कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. कुणाचीही हनुवटी जागेवर नव्हती.

मी फोटो काढले. बसून, वाकून, एकदा तर कठड्यावर पोट टेकून, अर्धी बाहेर लोंबकळत काढले, आणि माझी साडी कुणी धरली होती ते मला आजही माहीत नाही. ‘हसा!’ मी ओरडत होते. ‘हसा, आणखी हसा! कुमारभाऊ, दात दाखवा!’ माझा स्वतःचा आवाज मला ओळखू येईना.

संध्याकाळी निघायच्या आधी प्रद्युम्नचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

‘आत्या, बोट चिखलात आहे?’

‘हो.’

‘हरकत नाही. कॉम्प्युटरवर खाली पाणी घालून घेऊ.’

‘पाणी घातलंस तर माणसं बुडतील,’ मी म्हणाले. ‘आहे तसा साहेबांना दाखव. नाही आवडला तर सूर्यास्त लावा आणि माझं नाव घेऊ नका.’ माझ्या तोंडून हे गेलं खरं, पण फोन ठेवल्यावर घाटभर मी नखं खात होते. हातातोंडाशी आलेली भिंत मी माझ्याच तोंडाने घालवत होते. बाळाबाई शेजारी घोरत होत्या आणि मानसिंगराव मधूनच काच खाली करून चंद्र निघाला का बघत होते.

साहेबांचं उत्तर दोन दिवस आलं नाही. त्या दोन दिवसांत मी उपेंद्रशी चार वेळा भांडले, त्यातल्या तीन वेळा कारणच नव्हतं. मग प्रद्युम्नने फोन करून साहेबांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं: ‘गिऱ्हाईक जाळं विकत घेतं, पाणी नाही. आजवरच्या एकाही कॅलेंडरात आख्खं जाळं दिसलेलं नाही. छापा.’

छापलं. जानेवारीच्या आधी कॅलेंडरांचा गठ्ठा भोरला आला. मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून, उभ्या उभ्या गठ्ठा फोडला. फोटो सुंदर आला होता. नाव शोधलं. नाव नव्हतं. कॅलेंडर उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. शेवटी वरची पत्र्याची पट्टी नखाने उचकटून पाहिली, तर तिच्याखाली बारीक अक्षरांत, छायाचित्र: सुलभा उपेंद्र, एवढं दिसलं. पुढचं पट्टीत चेपलं होतं. छापखान्याला आणि प्रद्युम्नला मी जे बोलले त्याने माझा घसा दोन दिवस बसला होता.

त्याच तणतणीत एक कॅलेंडर घेऊन मी उत्रोलीला गेले. म्हटलं मानसिंगरावांकडे तरी लावावं, नाव नसलं तर नसू दे. तर त्यांच्या घरी ते आधीच लागलेलं होतं. प्रद्युम्नने परस्पर पाठवलं होतं. आणि त्याच्यासमोर पडवीत माणसांची दाटी. त्या कॅलेंडरात रोजच्या तारखेखाली भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या असतात, मासेमारांसाठी. मानसिंगराव हातात पट्टी घेऊन समजावून सांगत होते, ‘आज दुपारी सोडनार. रातच्याला पुन्यांदा भरनार.’ उत्रोलीत समुद्राच्या पाण्याची कुणालाही गरज नाही. तरी सगळे मन लावून ऐकत होते.

मला बघून बाळाबाई ओरडल्या, ‘ह्या बगा आल्या! ह्यांनीच काडलाय!’

सगळी डोकी वळली. मला नाव-बिव सगळं विसरायला झालं. पण कुणी नुसतं कौतुक करून थांबेना. ‘आमचा बी असा काडा.’ ‘असाच, हसताना.’ ‘म्या ट्रॅक्टरवर बसतो.’ ‘माज्या म्हशीसंगं काडा, पर ती हसत न्हाई.’ ‘भितीला लावायचाय, मोटा करून द्या.’ मी म्हटलं, अहो, थांबा, सगळ्यांचे काढते, ओळीने या. कुणी ओळ करेना.

गर्दीतून ज्ञानू आजोबा काठी टेकत पुढे आले. गावातले सगळ्यात थोरले. त्यांना मी चांगली ओळखत होते. मागे ते स्वतःच्या पायांनी स्टुडिओत येऊन, नवा फेटा बांधून, मोठा फोटो काढून घेऊन गेले होते. पुढं लागेल म्हणून. आमच्याकडे असे बरेच जण आधीच काढून ठेवतात. तो फोटो फ्रेम करून त्यांच्या पेटीत ठेवलेला होता, घरच्यांना जागाही सांगून ठेवली होती.

‘आजोबा, तुमचा तर आहे ना?’ मी म्हणाले. ‘एवढा छान काढलाय.’

‘त्यो हाय पेटीत,’ आजोबा म्हणाले. ‘त्यो ही पोरं लावत्याल, लावायचा तवा. पर त्यो भितीला लागल तवा म्या न्हाई बगायला.’ त्यांनी फेटा काढून खाटेवर टाकला आणि टकलावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून बोळकं पसरून असे हसले, की म्हशीचा मालकसुद्धा त्यांना वाट देऊन मागे सरला.

‘जो मला बगता ईल, त्यो काडा.’

माझे डोळे इतके भरून आले की कॅमेऱ्यातून काही दिसेना. ‘हलू नका हं आजोबा,’ मी म्हणाले, पण ते हसून हसून हलत होते, आणि मी तसाच काढला.